चार ग्रॅम सिलिकॉनचा हिशेब

हेक्टरभर गव्हाला साधारण १०० किलो बियाणे लागते. ते रात्रभर सिलिकेटच्या पातळ द्रावणात भिजत घातले तर सगळे दाणे मिळून चाळीस-पंचेचाळीस लिटर द्रावण पितात. प्रयोगशाळांत वापरतात तशी तीव्रता धरू, म्हणजे लिटरमागे ८०-९० मिलिग्रॅम सिलिकॉन. गुणाकार केला की उत्तर येते सुमारे ४ ग्रॅम. रब्बी ज्वारीचे बियाणे हेक्टरी १० किलोच, तिथे हा आकडा अर्ध्या ग्रॅमच्याही खाली जातो. आता दुसरी बाजू. हेक्टरी ५ टन उतारा देणारे भाताचे पीक जमिनीतून २३० ते ४७० किलो सिलिकॉन उचलते, असा हिशेब सावंत, स्नायडर आणि डॅटनॉफ यांनी १९९७ साली मांडला, आणि तो आजही जिथे-तिथे उद्धृत होतो. गहू-ज्वारीची उचल भाताहून कमी, तरी तीही किलोंतच मोजावी लागते.

बियाण्याला सिलिकॉन लावा, म्हणजे पीक दुष्काळाला, क्षारांना, उन्हाला, रोगराईला पुरून उरेल, असे सांगणारे साहित्य हल्ली पुष्कळ वाचायला मिळते. त्यात शोधनिबंध आहेत, तशी दुकानातली पत्रकेही आहेत. ते वाचताना हे दोन आकडे शेजारी-शेजारी ठेवावेत. एकीकडे ग्रॅम, दुसरीकडे क्विंटल. एवढी तफावत असताना परिणाम दिसतो म्हणतात, तर बीमध्ये काहीतरी विलक्षण घडत असले पाहिजे, नाहीतर दावा फुगवलेला असला पाहिजे. माझ्या मते दोन्ही थोडे-थोडे खरे आहे. तृणधान्यांच्या बियाण्याला सिलिकॉन देणे ही पिकाच्या पहिल्या वीस-पंचवीस दिवसांची गोष्ट आहे. तेवढ्या काळापुरती ती कामाची ठरू शकते. त्यापलीकडचे जे काही तिच्या नावावर खपवले जाते, ते जमिनीतून हंगामभर मिळणाऱ्या सिलिकॉनचे श्रेय आहे. बीजप्रक्रियेने ते उसने घेतलेले आहे.

उसने घेण्यासारखे श्रेय आहे, हे मात्र नि:संशय. सिलिकॉन हा पृथ्वीच्या कवचातला ऑक्सिजनखालोखालचा घटक, वजनाने अठ्ठावीस टक्क्यांच्या आसपास. जे पायाखाली इतके पसरले आहे ते कधी कमी पडेल असे कोणाला वाटत नाही, आणि शेतीशास्त्रालाही फार काळ वाटले नाही. युलियुस झाक्स या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने १८६२ च्या सुमारास प्रश्न विचारला होता, की गवतवर्गीय वनस्पतींच्या राखेत एवढी सिलिका सापडते तर ती त्यांना लागते की नुसती साचते? त्याने सिलिकाविना मका वाढवून दाखवला. मका वाढला, आणि प्रश्न मिटल्यासारखा झाला. पुढे १९३९ साली आर्नन आणि स्टाउट यांनी अत्यावश्यक अन्नद्रव्याची कसोटी ठरवली. ज्याच्याविना वनस्पतीचे जीवनचक्र पुरेच होऊ शकत नाही, ते अत्यावश्यक. सिलिकॉन या कसोटीला उतरले नाही आणि सतरा अन्नद्रव्यांच्या यादीबाहेर राहिले. वनस्पती वाढवण्यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या होगलंड द्रावणातही ते नाही. एमॅन्युएल एप्स्टाइन यांनी १९९४ साली यावर बोट ठेवले. आपण ज्या रोपांना ‘नियंत्रित’ म्हणतो ती खऱ्या मातीतल्या रोपांच्या मानाने सिलिकॉनला मुकलेली, म्हणजे आधीच अशक्त रोपे आहेत, असा त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ. मला हा आक्षेप फार मोलाचा वाटतो, आणि त्याची दुसरी बाजू पुढे येणार आहे.

जपानी शेतकऱ्यांनी यादीत नाव येण्याची वाट पाहिली नाही. करपा पडलेल्या भातात निरोगी भातापेक्षा सिलिका कमी असते, ही ओनोदेरा यांची नोंद १९१७ सालची. १९५५ साली जपानने पोलादाच्या भट्टीतून निघणारी कॅल्शियम सिलिकेटयुक्त मळी खत म्हणून अधिकृत केली. शिफारस होती हेक्टरी दीड ते दोन टनांची. तिथे कारणही होते. युद्धानंतर नत्र भरपूर पडू लागले होते आणि नत्रावर माजलेले भात लोळते, करप्याला बळी पडते. सिलिकॉन पानात साठले की पान ताठ उभे राहते, पेशींच्या बाह्य थराखाली काचेसारखा पापुद्रा तयार होतो, बुरशीला आत शिरणे जड जाते. मग २००६ साली ओकायामा विद्यापीठाच्या जियान फेंग मा यांच्या गटाने भाताच्या मुळातले सिलिकॉनचे प्रवेशद्वार शोधून काढले आणि वर्षभरात त्याचा जोडीदारही. पहिल्याचे नाव एलएसआय-१, दुसऱ्याचे एलएसआय-२. एक मुळाच्या पेशीत सिलिकॉन आत घेते, दुसरे पलीकडे खोडाच्या दिशेने सोडते. ज्या भातात पहिले दार बिघडलेले होते त्याला किडी-रोगांनी जास्त ग्रासले आणि त्याचे उत्पादन कोसळले. (याच दाराने आर्सेनिकही भातात शिरते, हे २००८ साली याच गटाने दाखवले. बंगालच्या भातशेतीतल्या मोठ्या दुखण्याचे एक मूळ इथे आहे.)

तेव्हा सिलिकॉन उपयोगी आहे का, हा वाद संपलेला आहे. उपयोग मुख्यतः ताणाच्या वेळी दिसतो. सगळे सुरळीत असेल तर त्याच्या असण्या-नसण्याने फारसे बिघडत नाही. वाद आहे तो किती, केव्हा आणि कोणत्या वाटेने याचा. बीजप्रक्रियेचे समर्थन करताना वरचा सगळा इतिहास प्रस्तावनेत येतो आणि पुढच्याच परिच्छेदात ‘म्हणून बियाणे भिजवा’ असा निष्कर्ष निघतो. मधली पायरी गाळलेली असते.

ती पायरी अशी. मुळे सिलिकॉन घेतात ते मोनोसिलिसिक आम्लाच्या रूपात, पाण्यात विरघळलेले. पान पाणी उडवते, आम्ल मागे राहून घट्ट होत जाते आणि शेवटी ओपल नावाच्या अस्फटिकी सिलिकाचे कण होऊन बसते. एकदा ते बसले की हलत नाही. नत्र जुन्या पानातून नव्या पानात जाते, स्फुरद जाते, पालाश जाते. सिलिकॉन जात नाही. पुरातत्त्वज्ञांना हजारो वर्षांपूर्वीच्या भाताचे कण जमिनीत सापडतात ते याच हट्टीपणामुळे. आता बियाण्यातून आलेल्या त्या चार ग्रॅमांचे काय होईल? ते कोंबात, पहिल्या-दुसऱ्या पानात आणि सुरुवातीच्या मुळांत जाऊन बसतील. मार्चमध्ये गव्हाच्या ओंबीखालचे शेवटचे पान जेव्हा तापेल, तेव्हा नोव्हेंबरातले हे सिलिकॉन केव्हाच वाळून गेलेल्या पानांत अडकलेले असेल.

२०२२ चा मार्च आठवून पाहा. १९०१ पासूनच्या नोंदींत भारतातला तो सर्वांत उष्ण मार्च होता. दाणे भरण्याच्या वेळीच उन्हाने गव्हाला गाठले आणि १३ मे रोजी सरकारने गव्हाची निर्यात थांबवली. त्यानंतर ‘हवामानाला तोंड देणारे तंत्रज्ञान’ हे शब्द प्रत्येक व्यासपीठावर ऐकू येऊ लागले आणि सिलिकॉनची बीजप्रक्रियाही त्या यादीत जाऊन बसली. पण तो ताण पेरणीनंतर शंभर दिवसांनी आलेला होता. नवजात बाळाला चाटवलेल्या गुटीवर दहावीची परीक्षा सोडवण्याइतकाच हा विश्वास भाबडा आहे.

इथे समर्थकांचे एक उत्तर असते आणि ते हसण्यावारी नेण्यासारखे नाही. ते म्हणतात, सिलिकॉन इथे अन्न म्हणून काम करत नाही, इशारा म्हणून करते. बी भिजताना ताणाशी लढणारी विकरे जागी होतात, जनुकांवर काही खुणा उमटतात आणि पुढे ताण आला की रोप लवकर प्रतिसाद देते. बियाण्यांच्या बाबतीत अशा स्मृतीची कल्पना निराधार नाही. पण खुद्द सिलिकॉनबाबत ती सिद्ध झाली आहे असे म्हणवत नाही. डेव्ह्रिम कॉस्कुन आणि सहकाऱ्यांनी २०१९ साली या सगळ्या साहित्याची झाडाझडती घेतली. सिलिकॉन पेशीच्या आत जाऊन जीवरसायनांत ढवळाढवळ करते याला पुरावा अपुरा आहे, ते पेशींच्या बाहेरच्या मोकळ्या जागेत साठून मीठ, विषारी धातू आणि बुरशी यांची वाट अडवते एवढ्याने बहुतेक परिणामांचा उलगडा होतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. ते खरे असेल तर अडवण्यासाठी माल लागतो, आणि चार ग्रॅमांत माल नाही.

तरीही प्रयोगांत परिणाम दिसतात. फैसलाबादला २०१३ साली गव्हाचे बी सोडियम सिलिकेटमध्ये भिजवून पाण्याच्या कृत्रिम टंचाईत उगवून पाहिले, उगवण आणि रोपांची वाढ सुधारली. २०१६ साली मक्याच्या बियाण्यावर दीड मिलिमोलर सिलिकॉन वापरून विम्लतेचा ताण कमी झाल्याचे प्रसिद्ध झाले. अशा निबंधांची रांग मोठी आहे आणि ते खोटे आहेत असे मानायला कारण नाही. मात्र ते कोवळ्या रोपांवरचे आहेत. गाळणकागद, कुंडी, पाण्याचा ताण द्यायला पॉलिएथिलिन ग्लायकॉल, मोजमाप दहा-वीस दिवसांत. एप्स्टाइन यांचा आक्षेप इथे उलटून लागू पडतो. गाळणकागदावर किंवा धुतलेल्या वाळूत रोपाला दुसरीकडून विरघळलेले सिलिकॉन जवळपास मिळतच नाही, म्हणून बियाण्यातले किंचितसे सिलिकॉनही उठून दिसते. बेसाल्टपासून झालेल्या काळ्या मातीत मुळे पहिल्या दिवसापासून सिलिकॉन पीत असतात. तिथे हा फरक उरेल का, हे कागदावरून सांगता येणार नाही.

दुसरी अडचण याहून साधी, पण जास्त महत्त्वाची. बी नुसत्या पाण्यात भिजवले तरी पीक सुधारते. डेव्हिड हॅरिस आणि त्यांचे भारतीय सहकारी यांनी नव्वदीच्या दशकात गुजरात, मध्य प्रदेश आणि राजस्थान यांच्या सीमेवरच्या आदिवासी पट्ट्यात शेतकऱ्यांच्याच रानात मका, भात, हरभरा यांचे बी रात्रभर साध्या पाण्यात भिजवून, वरवर सुकवून पेरायला लावले. उगवण लवकर झाली, एकसारखी झाली, पिके आधी फुलली आणि आधी काढणीला आली. १९९९ साली हे काम प्रसिद्ध झाले. यात एका पैशाचेही रसायन नव्हते. कारण सरळ आहे. कोरड्या मातीत बीला पाणी शोषायला जो वेळ लागतो तो बादलीत निघून जातो आणि वरची ओल उडायच्या आत मूळ खाली सरकते.

म्हणजे सिलिकेटच्या द्रावणात भिजवलेल्या बीची तुलना कोरड्या बीशी केली तर निम्मे-अधिक श्रेय पाण्याचे असू शकते. तुलना पाण्यात भिजवलेल्या बीशीच हवी. त्यातही पोटॅशियम सिलिकेट वापरले असेल तर पालाश वेगळा काढायला हवा, आणि सिलिकेटचे द्रावण तीव्र विम्ल असते, त्या विम्लतेने बीवरच्या बुरशीचे काय होते तेही वेगळे काढायला हवे. चांगल्या प्रयोगांत हे केलेले असते. विक्रीच्या पत्रकात उचललेल्या टक्केवारीत ते सापडत नाही.

आता मीच माझ्या चार ग्रॅमांची उलटतपासणी घेतो. हेक्टरच्या मानाने ते नगण्य आहेत, पण बीच्या मानाने? शंभर किलो गव्हात साधारण पंचवीस लाख दाणे असतात. एका दाण्यातला गर्भ जेमतेम एक मिलिग्रॅमचा. पंचवीस लाख गर्भ म्हणजे अडीच किलो. चार ग्रॅमांपैकी सगळे गर्भापर्यंत पोचणार नाही, पण अर्धे पोचले तरी ते गर्भाच्या वजनाच्या हजारात एक भागाइतके होते. जन्माच्या दिवशी ही मात्रा क्षुल्लक नाही. तीन आठवड्यांत रोपाचे कोरडे वजन गर्भाच्या शंभरपटीहून वाढते आणि ती मात्रा विरत जाते. भातात गंमत आणखी वेगळी. भाताचा एक दाणा पंचवीस मिलिग्रॅमचा, त्यातले पाचेक मिलिग्रॅम तूस, आणि तुसात पंधरा-वीस टक्के सिलिका. म्हणजे प्रत्येक दाणा आपल्या अंगावर, भिजवून मिळणाऱ्या सिलिकॉनच्या शेकडो पट सिलिकॉन घेऊनच जमिनीत जातो. फक्त ते ओपल होऊन बसलेले असते आणि कोंबाच्या घाईला उपयोगी पडण्याइतके वेगाने विरघळत नाही. या हिशेबातून एवढे निघते, की बियाण्यातल्या सिलिकॉनला काही अर्थ असेल तर तो उगवणीच्या आसपासच्या थोड्या दिवसांतच शोधायला हवा.

आणि शोधायला जागा आहे. माझ्या मते ती सर्वांत स्पष्ट दिसते सोलापूर-मंगळवेढ्याच्या रब्बी ज्वारीत. सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पेरणी, पुढचे सगळे पीक जमिनीत मुरलेल्या ओलीवर. परतीचा पाऊस लवकर गेला तर वरचा थर दोन-तीन दिवसांत कोरडा पडतो आणि उगवणीला तूट येते. नांग्या भरायच्या म्हटले तर ओल नाही. शिवाय उगवल्यापासून पहिल्या महिन्यात खोडमाशी येते आणि पोंगेमर करून जाते. या दोन्ही आपत्ती नेमक्या पहिल्या महिन्यातल्या. खोडमाशीच्या बाबतीत तर सिलिकॉनचा धागा जुना आहे. मद्रासच्या पोन्नैया यांनी १९५१ साली असे दाखवले, की खोडमाशीला दाद न देणाऱ्या ज्वारीच्या वाणांत कोवळ्या पानांच्या आवरणात सिलिकाचे कण लवकर तयार होतात आणि अळीला आत घुसणे अवघड जाते. बियाण्यातल्या सिलिकॉनने हे कण दोन-चार दिवस अलीकडे येतील का? प्रश्न नेमका आहे, उत्तर एका हंगामात मिळण्यासारखे आहे, आणि विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर तो तपासायला मोठे उपकरणही लागत नाही. ‘दुष्काळ सहन करणारे पीक’ असल्या घोषणेपेक्षा मला हा प्रश्न शंभरपट आवडतो. दाणे भरताना जमीन कोरडी पडून येणारा खडखड्या मात्र या प्रश्नाच्या बाहेरच ठेवावा. त्याच्याशी लढायला खोल जमीन, योग्य वाण आणि वेळेवरची पेरणी लागते.

कोकणातल्या भाताची गोष्ट निराळी, आणि तिथे बीजप्रक्रियेला माझा विरोधच आहे म्हणा ना. विरोध यासाठी, की तिथे तेच काम जास्त चांगले करणारी रीत आधीपासून आहे. जांभा होतोच मुळी पावसाने खडकातली सिलिका वाहून नेल्यामुळे. लोह आणि ॲल्युमिनियम मागे उरते, सिलिकॉन नदीला मिळते. अशा जमिनीत पिकाला सिलिकॉन कमी पडते. तरव्यासाठी राब भाजणारा शेतकरी शेण, पालापाचोळा, गवत, फांद्या पेटवतो तेव्हा तण आणि किडींचा नायनाट करतोच, शिवाय गवताच्या राखेतली सिलिका वाफ्यात सोडतो. राबामुळे डोंगर बोडके होतात, ही टीका खरी आहे. म्हणून मला चारसूत्री भात लागवड महत्त्वाची वाटते. लेखाच्या सुरुवातीला ज्यांच्या नावाचा आकडा आला त्याच डॉ. एन. के. सावंतांचे नाव या पद्धतीशी जोडलेले आहे. तिचे पहिले सूत्र पिकाच्या अवशेषांच्या फेरवापराचे. रोपवाटिकेत चौरस मीटरला अर्धा ते एक किलो तुसाची राख मिसळायची, पेंढा शेतातच गाडायचा. मग गिरिपुष्पाचा पाला, ठरावीक अंतरावरची लावणी आणि चार चुडांच्या मध्ये खोल खोचायची युरियाची ब्रिकेट.

पहिल्या सूत्राचा हिशेब करून पाहावा. अर्धा किलो राखेत चारशे ग्रॅमच्या आसपास सिलिका येते, तीही एका चौरस मीटरला. रोप तिथे तीन-चार आठवडे राहते, म्हणजे नेमका तोच काळ, जो बीजप्रक्रियेच्या आवाक्यात आहे. राखेतली सगळी सिलिका लागलीच विरघळत नाही हे मान्य. कमी उष्णतेवर जळलेली काळी राख चांगली, कारण तिच्यातली सिलिका अस्फटिकी राहते. भट्टीत फार तापून पांढरी पडलेली राख स्फटिकी होते आणि मुळांना निरुपयोगी ठरते. एवढी काळजी घेतली तर भिजवलेल्या बीचे मायक्रोग्रॅम या राखेपुढे टिकत नाहीत. लावणीच्या भाताला बियाण्यातून सिलिकॉन देणे हा खर्चाचा नुसता दिखावा ठरेल. थेट पेरलेल्या किंवा टोकलेल्या भाताला रोपवाटिकाच नसते, तिथे प्रश्न पुन्हा खुला होतो.

खारभूमीत आणि गोव्याच्या खाजनात जरा जपून बोलायला हवे. भात उगवताना मीठ बऱ्यापैकी सोसते, कोवळ्या रोपावस्थेत आणि पुन्हा फुलोऱ्यात ते हळवे होते. सिलिकॉनमुळे मुळांच्या पेशींमधल्या फटींतून थेट आत येणारे सोडियम कमी होते, हे भातात चांगले सिद्ध झालेले आहे. पण ती फट बुजवत राहायची तर मुळाला रोज सिलिकॉन मिळत राहिले पाहिजे, कारण मूळ रोज वाढते. पहिल्या पावसाने मीठ धुऊन जाईपर्यंत तग धरायची असेल तर बियाण्यातल्या मात्रेचा थोडा आधार कदाचित होईल. बांध फुटून भरतीचे पाणी शेतात आले तर होणार नाही. तिथे कोरगुटासारखे पिढ्यान्‌पिढ्या खाऱ्या पाण्यात निवडले गेलेले वाण आणि धड राखलेले बांध हाच आसरा.

बाजारात उतरल्यावर काय होते, तेही पाहू. कृषी सेवा केंद्रात ‘सिलिकॉन’ मागितले तर चार-पाच वेगळ्या वस्तू पुढ्यात येतात. फवारणीचे पाणी पानावर पसरावे म्हणून घालतात ते सिलिकॉनचे स्टिकर, त्याचा रोपाच्या पोषणाशी काही संबंध नाही. पोटॅशियम सिलिकेट, ऑर्थोसिलिसिक आम्ल, भुकटीच्या रूपातली माती किंवा मळी, आणि अलीकडे नॅनो सिलिका. बाटलीवर एकूण सिलिका लिहिलेली असते, पिकाला लगेच मिळणारी किती ते क्वचितच. बियाण्यासाठी सिलिकेट वापरणाऱ्याला रसायनाच्या काही खोड्या सांगितल्या जात नाहीत. सिलिकेट पाण्यात टिकते ते विम्लतेच्या जोरावर. आम्ल घालून ते उदासीन केले की लिटरला पन्नास-साठ मिलिग्रॅम सिलिकॉनच्या वर ते एकमेकांना चिकटत जाते आणि बादलीत जेली तयार होते. बोअरच्या जड पाण्यातले कॅल्शियम भेटले तर साका बसतो. मग शेतकऱ्याने बी भिजवले ते कशात? आणि त्या विम्ल बियाण्यावर लगोलग ट्रायकोडर्मा किंवा ॲझोटोबॅक्टर लावले तर त्या जिवाणू-बुरशींचे काय होते, याची शिफारस वेगळी तपासून द्यायला हवी. ज्वारीला काणीसाठी किलोला चार ग्रॅम गंधक चोळतात, भाताचे बी तीन टक्के मिठाच्या पाण्यात टाकून पोचट दाणे काढतात. या जुन्या प्रक्रियांच्या साखळीत सिलिकॉन नेमके कुठे बसवायचे, हा प्रश्न एकट्या रसायनाच्या चाचणीत सुटत नाही. भिजवलेले बी पेरणी लांबली म्हणून पुन्हा पोत्यात भरून ठेवले तर त्याची उगवणशक्ती लवकर उतरते, ते वेगळेच.

मोठ्या सिलिकॉनकडे मात्र कोणाचे लक्ष नाही. गोंदिया-भंडाऱ्याच्या राइस मिलमध्ये एक टन भात भरडला की दोनशे किलो तूस निघतो, तो जाळला की चाळीस किलो राख, आणि तिच्यात पस्तीस किलोच्या आसपास सिलिका. ही सिलिका त्याच भागातल्या शेतांतून आलेली असते. ती परत जात नाही, गिरणीमागच्या ढिगात पडते किंवा विटा-सिमेंटकडे जाते. पेंढा जनावरांच्या वैरणीला किंवा बाहेर जातो, कडब्याचेही तेच. अवशेष जागेवर जाळले तर सेंद्रिय कर्ब, नत्र आणि गंधक हवेत जाते, सिलिकॉन निदान राखेत राहते. शेताबाहेर नेले की तेही गेले. बियाण्यातल्या चार ग्रॅमांवर परिसंवाद भरतात आणि या पस्तीस किलोंना वाहतुकीचे अनुदान मिळत नाही, हे मला शास्त्रापेक्षा बाजाराचे गणित वाटते. बाटली विकता येते. राखेचा ट्रक विकून कोणाचा फायदा होणार?

२०२१ साली जैव-उत्तेजके खत नियंत्रण आदेशाच्या कक्षेत आली आणि अशा उत्पादनांसाठी परिणामकारकतेच्या चाचण्यांची अट लागू झाली. बियाण्याला लावायच्या सिलिकॉनबद्दल त्या अटीत दोन ओळींची भर घालावी, एवढीच माझी मागणी आहे. तुलना साध्या पाण्यात तेवढाच वेळ भिजवलेल्या बियाण्याशी हवी, आणि ताण कोणत्या दिवशी आला हे नोंदवलेले हवे. सोलापूरच्या एखाद्या रानात मालदांडी ज्वारीचे तीन पट्टे पेरावेत. एक कोरड्या बीचा, एक पाण्यात भिजवलेल्या बीचा, एक सिलिकेटमध्ये भिजवलेल्या बीचा, आणि प्रत्येकाच्या तीन-चार आवृत्त्या. सातव्या-आठव्या दिवशी उगवण मोजावी, अठ्ठाविसाव्या दिवशी पोंगेमर, शेवटी धान्य आणि कडबा. पहिल्या दोन मोजमापांत तिसरा पट्टा दुसऱ्याच्या पुढे गेला तर बाटलीवर ‘उगवणीसाठी’ किंवा ‘खोडमाशीसाठी’ असे खुशाल छापावे, मी स्वतः शिफारस करीन. फरक फक्त पहिल्या आणि दुसऱ्या पट्ट्यांतच दिसला, तर शेतकऱ्याला रात्री बादली भरून ठेवायला सांगणे पुरे आहे.